घटप्रभेच्या डाव्या कालव्याकाठी चार दिवस सायकलवर

बेळगावात सायकलवाले एकत्र बसले की विषय जांबोटीचा, चोर्ल्याचा नाहीतर आंबोलीचा निघतो. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. पूर्वेला गोकाकच्या बाजूला घटप्रभेचा डावा कालवा १०९ किलोमीटर वाहतो आणि त्याच्या काठानं सायकल चालवता येते, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही पाच मित्र तीन हिवाळे तिकडं जाऊन आलोय. पहिल्या खेपेला जे चुकलं ते दुसऱ्या खेपेला सुधारलं, तिसऱ्या खेपेला निवांत फिरलो. तुमची पहिलीच खेप निवांत व्हावी म्हणून हे सगळं बैजवार लिहितोय.

आधी कालवा कसा चालतो ते समजून घ्या, कारण सगळी आखणी त्यावर आहे. हुक्केरी तालुक्यातल्या हिडकल धरणातून पाणी नदीत सुटतं, नदीतून धुपदाळच्या बंधाऱ्यावर येतं आणि तिथून डाव्या कालव्यात शिरतं. बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, धरण त्याच्या कितीतरी नंतरचं. कालव्यातलं पाणी आपल्या वजनानं वाहायला हवं, म्हणून तो अगदी किंचित उतार धरून जातो. चढ नाही, घाट नाही. पण समोर टेकाड आलं की कालवा त्याला वळसा घालतो, ओढ्याची खोलगट जागा आली की आत शिरून पुन्हा बाहेर येतो. रस्त्यानं वीस किलोमीटर असलेलं गाव कालव्यानं तीसवर जातं. आमचा हिशेब सरळ आहे: रस्त्याच्या अंतराची दीडपट धरायची.

म्हणून या वाटेवर नुसते किलोमीटर मोजून दिवस आखू नका. पूल कुठं आहेत, सावली कुठं आहे आणि प्यायचं पाणी कुठं मिळेल, हे मोजून आखा. दिवसाला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर पुरे. घाटात शंभर मारणारा गडीसुद्धा इथं मुरमावर आणि उन्हात तेवढ्यातच दमतो.

कधी जायचं

नोव्हेंबरची दुसरी पंधरवडी ते जानेवारीअखेर. त्याआधी काळी माती ओली असते. ओली काळी माती टायरला अशी धरते की मडगार्डमध्ये गोळा बसतो आणि चाक फिरायचं थांबतं, मग काडीनं खरवडत बसायचं. फेब्रुवारीनंतर ऊन सोसवत नाही. डिसेंबरात पाखरंही आलेली असतात आणि कालव्याला पाणी असण्याची शक्यता चांगली. कोरड्या कालव्याकाठी फिरण्यात जीव रमत नाही, तेव्हा निघायच्या आठवडाभर आधी तिकडच्या कुणा शेतकऱ्याला फोन करून पाणी सुटलंय का ते विचारा.

हिवाळ्यात आपल्या पठारावर वारा पूर्वेकडून येतो आणि कालवा साधारण ईशान्येला जातो. म्हणजे वारा तोंडावर. सकाळी दहापर्यंत तो मंद असतो, मग वाढतो. साडेसहाला, उजाडता उजाडता निघालात तर अकरापर्यंत दिवसाचं निम्म्याहून जास्त काम होतं. चहा-नाष्ट्याच्या नादात आठ वाजवले की पुढचा सगळा दिवस वाऱ्याशी झगडण्यात जातो.

नकाशा: कुठला काठ, कुठला पूल

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडा आणि धुपदाळपासून कालव्याची निळी रेघ धरून पुढं सरका. ‘डावा कालवा’ म्हणजे नदीच्या डाव्या अंगाचा कालवा. पण त्या कालव्यालाही डावा आणि उजवा असे दोन काठ आहेत, आणि पाण्याच्या वाहत्या दिशेला तोंड करून ते ठरवायचे. पाटबंधाऱ्याच्या गाड्यांसाठी केलेला रस्ता बहुतेक ठिकाणी एकाच काठाला धड असतो, दुसऱ्या काठाला बाभळीचं रान. मधेच तो बाजू बदलतो. वरून बघताना रस्त्याचा पांढरा पट्टा कुठल्या अंगाला आहे ते प्रत्येक पुलापाशी टिपून घ्या, प्रत्येक पुलाला खूण करा आणि तो नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

काठावरच्या दगडांवर आणि पुलांवर कालव्याचे स्वतःचे किलोमीटर लिहिलेले दिसतात, बंधाऱ्यापासून शून्य धरून. त्यांचा फार उपयोग होतो. मागं राहिलेल्याला फोनवर ‘उसाच्या शेताजवळ आहे’ म्हणून काही कळत नाही, तिकडं सगळाच ऊस. ‘अमुक आकड्याच्या पुलावर आहे’ म्हटलं की लगेच उमगतं.

आणखी एक जागा आधी हेरून ठेवा. मोठा ओढा आला की कालवा जलसेतूवरून पलीकडं जातो, पण काठावरचा रस्ता दरवेळी त्याच्याबरोबर जात नाही. तो ओढ्यात उतरतो किंवा तिथंच संपतो. पहिल्या खेपेला असंच झालं. बैलजोडी घेऊन चाललेल्या एका आजोबांनी हात हलवून सांगितलं, “मुंद दारी इल्लरी.” पुढं वाट नाही. वाट दिसत होती म्हणून आम्ही तशीच चालवली. दोन किलोमीटरवर जलसेतू, त्याच्या खाली दगडगोट्यांचा ओढा, पलीकडं काटेरी झुडूप. सामानासकट सायकली उचलून नेणं शक्य नव्हतं, परत फिरलो. आजोबा बांधावर बसले होते. हसले नाहीत, रागावले नाहीत. शेतातून जाणारी गाडीवाट बोटानं दाखवली आणि तांब्या पुढं केला. त्या दिवसापासून आमचा नेम आहे: वाटेवरचा माणूस ‘नाही’ म्हणाला तर नकाशा मिटायचा.

परवानगी

कालवा आणि त्याचा रस्ता कर्नाटक नीरावरी निगमचा आहे. तो लोकांनी वापरलेला चालतो, शेतकऱ्यांची रोजची ये-जा त्यावरूनच असते, तरी तुम्ही बाहेरचे. आधी जवळच्या पाटबंधारे कार्यालयात जाऊन चार माणसं सायकलवरून जाणार आहोत एवढं सांगून या. बंधारा आणि मोठी गेटं यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. भरावावर तंबू ठोकू नका, चूल तर अजिबात नको.

सायकल आणि सामान

महागडी सायकल लागत नाही, रुंद टायर लागतो. ३८ ते ४५ मिलिमीटरचा टायर, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. रस्त्याची बारीक टायरची सायकल घरी ठेवा. सामान पाठीवर घेऊ नका. मागच्या कॅरियरला दोन्ही अंगांना पिशव्या अडकवा, जड वस्तू तळाला. माणशी सात-आठ किलोच्या वर गेलात तर काहीतरी फालतू भरलंय असं समजा.

खरा शत्रू काटा आहे. बाभळीचा काटा बघता बघता टायरमध्ये शिरतो आणि त्याचं टोक तिथंच मोडून राहतं. नवीन माणूस ट्यूब काढतो, पॅच मारतो, चढवतो, आणि शंभर मीटरवर पुन्हा हवा जाते. टोक आत तसंच असतं. ट्यूब काढली की टायरच्या आतल्या अंगावरून बोट सावकाश फिरवा, एक पूर्ण वेढा इकडून, एक तिकडून. खरखरीत लागेल तिथं टायर बाहेरून दाबून उलटा करा. तांदळाच्या कणीएवढं काळं टोक वर येतं. ते चिमट्यानं ओढा. नखानं ओढलं तर आणखी आत मोडतं. ट्यूबचं छिद्र टायरवर कुठं येतं ते आधी ताडून घेतलंत तर शोधाशोध वाचते, म्हणून ट्यूब काढताना व्हॉल्व्हची जागा टायरवर खडूनं खुणावून ठेवा. एका खेपेला एकाच सकाळी आम्ही सात पंक्चर काढली, त्यातली दोन त्याच काट्याची होती.

माणशी दोन जादा ट्यूब, गटात मिळून दोन पंप, पॅचचे तीन डबे, सोल्यूशन, टायर काढायच्या पट्ट्या, साखळीची जादा कडी, ब्रेक आणि गिअरची एक-एक तार, चिमटा. वाटेतल्या गावात सायकल दुरुस्तीवाला भेटतो आणि हात कसलेला असतो, पण त्याच्याकडचे सुटे भाग जुन्या काळ्या सायकलींचे. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या पंपानं हवा भरत नाही. त्यासाठीचं पितळी ॲडाप्टर बोटाच्या पेराएवढं असतं, ते किल्लीच्या जुडग्यात अडकवूनच ठेवा.

बाकी: टोपी, लांब बाह्यांचा सुती सदरा, उन्हाचा गॉगल, पहाटेला एक स्वेटर, बॅटरी, मागचा लाल दिवा, ओआरएसची पाकिटं, मलमपट्टी, आणि पंधरा मीटर मजबूत नायलॉनची दोरी. दोरी कशाला ते पुढं सांगतो.

दिवस पहिला: बेळगाव ते गोकाक धबधबा

सुळेभावी, अंकलगीमार्गे सुमारे साठ किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता. कालवा अजून लागलेला नाही, तेव्हा हा दिवस अंग मोकळं करायला आणि गटाचा वेग ठरवायला वापरा. सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याला पुढं ठेवा आणि दुरुस्तीचं सामान असलेल्याला सगळ्यात मागं. हा क्रम चारही दिवस मोडू नका.

घटप्रभेचं पाणी इथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळतं. डिसेंबरात पावसाळ्यातला लोंढा नसतो, कधी नुसत्या धारा असतात. पण तेव्हाच खडकाची घोड्याच्या नालेसारखी कड पुरती दिसते. मुक्काम गोकाक गावात करा, सहा-सात किलोमीटरवर आहे आणि लॉज आहेत. तिथला करदंट घ्यायला विसरू नका. डिंक, गूळ आणि सुकामेव्याचा तो लाडूसारखा घट्ट गोड पदार्थ सायकलवाल्यासाठी अगदी हुकमी आहे: उन्हात वितळत नाही, खिशात मावतो, एका तुकड्यावर दहा किलोमीटर निघतात. माणशी पाव किलो तरी घ्या.

दिवस दुसरा: धुपदाळ ते मुडलगी

हा सगळ्या सहलीचा गाभा. पहाटे निघून धुपदाळच्या बंधाऱ्यावर सूर्य वर यायच्या आत पोचा. बंधाऱ्यामागचा पाण्याचा फुगवटा म्हणजे घटप्रभा पक्षी अभयारण्य. हिवाळ्यात इथं उत्तरेकडून कांड्या करकोचे आणि पांढरे करकोचे येतात. सायकलींचा फायदा हा की आवाज नाही. उतरून सायकल आडवी ठेवा आणि अर्धा तास बसून राहा. करकोच्यांचा थवा उठताना आधी आवाज येतो, मग ते दिसतात.

बंधाऱ्यापासून कालवा रुंद आहे, पाणी हिरवट आणि वरून शांत दिसतं. अरभावीच्या परिसरातून, जिथं फलोत्पादनाचं कॉलेज आहे, पुढं ऊस, मका, हळद अशी शेती दोन्ही अंगांना लागते. सकाळी गेटावर पाटकरी भेटेल, कन्नडमध्ये नीरगंटी. गेटाचं चाक कसं फिरवतो ते थांबून बघा: दोन्ही हात, पाय भरावाला रोवलेले, चाक अर्धा फेरा फिरलं की लोखंडी फळी बोटभर वर येते आणि वितरिकेत, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या लहान फाट्यात, पाणी घुसताना बुड-बुड असा जाड आवाज होतो. पुढं कुठल्या काठाची वाट चांगली, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

दुपारी अकरा ते तीन चालवायचं नाही. काठावर सावली फार थोडी आहे, म्हणून पूल ओलांडून गावात शिरा, देवळाच्या कट्ट्यावर आडवे व्हा. जेवण लिंगायत खानावळीत: ज्वारीची भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक. भाकऱ्या वाढत राहतात. दोनवर थांबा, नाहीतर तीननंतर पाय उचलत नाहीत. मुडलगीला दिवस असतानाच पोचा.

दिवस तिसरा: मुडलगी ते महालिंगपूर

रस्त्यानं पंचवीसेक किलोमीटर, कालव्यानं त्यापेक्षा बरंच जास्त. इथून पुढं बागलकोट जिल्हा लागतो. महालिंगपूर ही गुळाची पेठ, हंगामात आसपास गुऱ्हाळं चालू असतात. वाफ दिसली की वळा. काहिलीवरचा माणूस गरम रस किंवा काकवी दिल्याशिवाय सोडत नाही. पैसे घेणार नाही, तेव्हा जाताना दोन किलो गूळ विकत घ्या.

मुक्कामाला लॉज मिळाला नाही तर मठात किंवा मंगल कार्यालयात विचारा. संध्याकाळी सहाच्या आत, आंघोळ करून, बूट बाहेर काढून जा. अंधार पडल्यावर धुळीनं माखलेले पाच जण दारात उभे राहिले तर कुणीही बिचकेल.

दिवस चौथा: महालिंगपूर ते कुडची

आता कालवा सोडायचा. हारूगेरीमार्गे कुडची पन्नासेक किलोमीटर. अंगात जोर असेल तर चिंचलीला मायाक्कादेवीचं दर्शन घेऊन पुढं कुडची गाठा. माघी जत्रेच्या दिवसांत मात्र हा रस्ता टाळा, महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्यांनी आणि बैलगाड्यांनी तो भरलेला असतो.

या दिवशीचा धोका ऊस वाहणारे ट्रॅक्टर. मागं दोन-दोन ट्रॉल्या, भार दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, ड्रायव्हरपुढं मोठ्यानं गाणं, मागचं काही ऐकू येत नाही. ओव्हरटेक करू नका, मागून आला तर रस्त्याखाली उतरून उभे राहा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पाच वाजता सायकली बंद. हा नियम आम्ही कुणासाठी मोडत नाही.

पाणी: प्यायचं आणि लांब राहायचं

कालव्याचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. खतं-औषधं, धुणी, जनावरं, सगळं त्यात येतं. प्यायच्या पाण्यासाठी बहुतेक मोठ्या गावांत ‘शुद्ध कुडियुव नीरिन घटक’ अशा पाटीची छोटी खोली असते. नाणं टाकलं की नळातून वीस लिटरचा हप्ता पडतो. सगळ्यांच्या बाटल्या आधी उघडून रांगेत ठेवा, मगच नाणं टाका, आणि उरलेलं पाणी मागं घागर घेऊन उभ्या असलेल्या मावशीला द्या. नाण्यांची एक पुरचुंडी हँडलच्या पिशवीत असू दे. माणशी तीन लिटर घेऊनच काठावर चढा.

आता दोरी. कालव्याच्या बाजू काँक्रीटच्या, उताराच्या आणि शेवाळलेल्या असतात. पाणी वरून संथ वाटलं तरी आत ओढ आहे. पोहता येणारा माणूससुद्धा त्या उतारावर पाय रोवून वर येऊ शकत नाही. म्हणून आंघोळ नाही, पाय सोडून बसणं नाही, पाण्याला पाठ करून सेल्फी नाही. सायकल चालवताना पाण्यापासून दीड मीटर आत राहा, दोघांनी जोडीनं चालवायचं नाही. कुणी पडलाच तर मागोमाग उडी मारू नका. वाहत्या दिशेनं पुढं पळा, दोरी फेका, दुसऱ्या टोकाला दोघे-तिघे बसून धरा आणि तिरक्या ओढीनं काठाला आणा. काही ठिकाणी उतरायच्या पायऱ्या आहेत, त्या दिसतील तशा मनात टिपत जा. तातडीला ११२, अँब्युलन्सला १०८.

जलसेतूच्या आणि पुलांच्या कमानीखाली आग्यामोहाची पोळी असतात. तिथं विसावा घेऊ नका, बिडी-सिगारेट तर नकोच. गवतात पाय टाकण्याआधी काठीनं आपटा.

थोडं कन्नड

बेळगाव, गोकाककडं मराठीवर निभतं, महालिंगपूरकडं तितकं नाही. ही चार वाक्यं पाठ करा. “मुंद दारी ऐतेनरी?” पुढं वाट आहे का? “दारी ई दंडीगैतो, आ दंडीगैतो?” वाट या काठाला की त्या? “कुडियो नीर एल्लि सिगतावरी?” प्यायचं पाणी कुठं मिळेल? “ऊटा सिगतैतेनरी?” जेवण मिळेल का? शेवटचा ‘री’ गिळू नका, मान त्यातच आहे. वयानं मोठ्या बाप्याला ‘अण्णार’, बाईला ‘अक्कार’. मोडकं बोललात तरी “बर्री, चा कुडीरी” असं उत्तर येतं, आणि मग चहाला थांबायलाच लागतं.

परतीची गाडी

कुडची मिरज-बेळगाव लोहमार्गावर आहे. पण लहान स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबते, पाच सायकली चढवणं जमत नाही, आणि पार्सलचं बुकिंग प्रत्येक स्टेशनवर होत नाही. दुसऱ्या खेपेपासून आम्ही बेळगावहून छोटा हत्ती आधीच ठरवतो. पाच सायकली आडव्या-उभ्या बसतात, मधे जुनी गोधडी घाला म्हणजे रंग खरवडत नाही. माणसं रेल्वेनं, सायकली टेम्पोनं.

घरी पोचलात की सायकल तशीच भिंतीला टेकवून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी साखळी रॉकेलनं धुवा, काळ्या मातीची पूड तिच्यात वंगणाबरोबर बसलेली असते. मग दोन्ही टायर काढून आतून बोट फिरवा. हवा न गेलेल्या टायरमध्येसुद्धा आम्हाला दरवेळी तीन-चार टोकं सापडलीत.